हत्यारांचे कपाट

गेल्या चातुर्मासात आमच्या घरी एक अपघात घडला. माझी सहा वर्षांची नात पलंगाखाली गेलेला चेंडू काढण्यासाठी हात घालून चाचपडत होती. त्याच पलंगाखाली एका उघड्या खोक्यात माझी सुतारकामाची हत्यारे पडलेली असत. अर्ध्या इंची पटाशीची धार तिच्या तळहातावरून गेली आणि चार टाके पडले. जखम फार खोल नाही, बोटे नीट हलतात, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा घरातल्या सर्वांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र पडला नाही. ती पटाशी आदल्या दिवशी मीच धार लावून, तोंडाला टोपण न घालता, तशीच खोक्यात टाकली होती.

हे घडले संवत्सरीच्या आठ दिवस आधी. पर्युषणाच्या शेवटी लहानथोर सर्वांची क्षमा मागण्याची आपली रीत आहे आणि ती मी जन्मभर पाळत आलो; पण खरे सांगायचे तर पुष्कळदा सवयीनेच. या वेळी नातीसमोर हात जोडले तेव्हा शब्द बाहेर पडेना. तिने पट्टी बांधलेला हात पाठीमागे घेतला आणि विचारले, "आजोबा, मग आता ते खोकं कुठे ठेवणार?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

या सदरात आपण बहुधा ठेवी, वारसनोंद, विमा आणि कर यांविषयी बोलतो. या महिन्यात मी एका कपाटाचा जमाखर्च मांडतो आहे, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये. हिशेबाचीच बाब आहे, फक्त रुपयांऐवजी मिलिमीटरची.

गिरगावातल्या आमच्या घराला मागच्या बाजूस नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक बंद गॅलरी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर तेथे एक बाक टाकला, त्याला लोखंडी शिकंजा बसवला आणि लहानसहान लाकूडकाम सुरू केले. पाट, पोथी ठेवण्याच्या ठवण्या, शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्याची मोडलेली दारे. छंद वाढला तशी हत्यारेही वाढली. नागदेवी स्ट्रीटवरून जाताना रिकाम्या हाताने परतणे मला अवघड जाते, हे माझ्या पत्नीला पहिल्या वर्षीच कळले होते. ती हत्यारे बाकाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर, फडताळात आणि शेवटी पलंगाखाली, अशी घरभर पसरली.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतली चौथी आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, जीवजंतूंना इजा होणार नाही अशा रीतीने उचलणे व ठेवणे. ती मुख्यतः साधू-साध्वींसाठी आहे हे खरे. मुनिमहाराज पिंछीने किंवा रजोहरणाने जागा स्वच्छ केल्याखेरीज पुस्तकही खाली ठेवत नाहीत, हे आपण लहानपणापासून पाहतो. आपण गृहस्थ ते कौतुकाने पाहतो आणि घरी येऊन किल्ल्या कुठेतरी भिरकावतो. मी तर धारदार पटाशी भिरकावली होती. उचलताना जपणे माणसाला आपोआप जमते, कारण धार आपल्याच हाताला लागण्याची भीती असते. ठेवताना ती भीती नसते. पुढचा हात कोणाचा असेल हे आपल्याला ठाऊक नसते.

कपाट करायचे ठरले. आता कपाट म्हटले की बहुतेक माणसे प्रथम लाकूड आणतात किंवा मिस्त्रीला बोलावतात. मी प्रथम एक जुनी खतावणी काढली आणि यादी केली. बँकेत असताना मालतारणाच्या कर्जासाठी मला पुष्कळ गोदामे तपासावी लागत. व्यापारी मंडळी स्टॉक स्टेटमेंट देत आणि आम्ही प्रत्यक्ष माल मोजून पाहत असू. त्यात न खपणारा, गंजलेला, वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल वजा करूनच ड्रॉइंग पॉवर काढायची असते, हे वाचकांपैकी अनेकांनी स्वतः सोसलेले असेल. लोखंडी सामानाच्या एका व्यापाऱ्याचे गोदाम मला अजून आठवते. आम्ही आत असताना वीज गेली. त्यांनी बत्तीही न मागता अंधारात हात घालून मी विचारलेल्या मापाचे बोल्ट काढून दिले. मी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, माल दिसतो म्हणून सापडत नाही. जागा ठरलेली आहे म्हणून सापडतो." त्यांचे खाते शेवटपर्यंत चोख राहिले.

माझ्या यादीत एकशे चौदा नग निघाले. हातोड्या पाच. अर्ध्या इंची पटाश्या तीन. गुण्ये चार, त्यांतले दोन काटकोनात नसलेले. जुन्या बाजारातून हौसेने आणलेला एक सामता, जो मी एकदाही फिरवला नव्हता. ही यादी करताना मला माझीच लाज वाटू लागली. परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा घालण्याच्या वस्तूंमध्ये जमीन, घर, सोने, धान्य यांच्याबरोबर 'कुप्य' हाही एक प्रकार येतो, म्हणजे भांडीकुंडी आणि घरातले इतर सामान. सोन्याच्या मर्यादेची चर्चा आपल्याकडे होते, कुप्याची फारशी होत नाही. मी नियम केला की आधी हत्यारे कमी करायची आणि मग उरलेल्यांच्या मापाचे कपाट करायचे. कपाट भरले की नवे हत्यार आणण्यापूर्वी एक जुने बाहेर गेले पाहिजे. उलट क्रमाने गेलो असतो तर मोठे कपाट झाले असते आणि ते दोन वर्षांत भरलेही असते. एकशे चौदांतली शेवटी एकाहत्तर राहिली. बाकीची एका होतकरू कारागीर मुलाला दिली.

देताना एक शंका मनात आली होती, ती येथे नोंदवतो. अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितले आहे, म्हणजे हिंसेला उपयोगी पडणारी साधने विनाकारण दुसऱ्याला देणे. मग पटाशी-करवत दान करावी की नाही? जाणकार मंडळींनी याचा निवाडा करावा. माझ्या अल्पमतीप्रमाणे पोट भरण्यासाठी रंधा मारणाऱ्याला रंधा देणे हे विनाकारण देणे नव्हे. मात्र शेजारच्या एका गृहस्थांनी इमारतीसमोरच्या झाडाची फांदी उतरवण्यासाठी माझी मोठी करवत मागितली, तेव्हा मी ती दिली नाही. ते रागावले. रागावू देत.

यानंतर जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून एकाहत्तर हत्यारे मांडली. जातीनुसार मांडावीत, म्हणजे सर्व करवती एकत्र, सर्व कानशी एकत्र, असे प्रथम वाटते आणि दुकानात ते ठीकही आहे. घरच्या कामात मात्र हत्यारे वापरानुसार लावणे सोयीचे पडते. पेन्सिल, गुण्या, मोजपट्टी, लहान रंधा, तीन पटाश्या, मोगरी, ही रोजची. ती उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, एका हाताने निघतील अशी हवीत. कानशी, गिरमिट, पक्कड, शिकंजे आठवड्यातून एकदा लागतात. ड्रिल आणि घासण्याचे यंत्र जड असल्यामुळे खाली. क्वचित लागणारे सर्वांत वर. मांडून झाल्यावर प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलने रेघ काढली आणि हात जाण्यासाठी दोन-दोन बोटे जागा सोडली. ही बोटभर जागा सोडणे फार महत्त्वाचे आहे. हत्यार मावते पण बोटे मावत नाहीत, असे कप्पे मी अनेक घरांत पाहिले आहेत.

जगातले सर्वांत प्रसिद्ध हत्यारांचे कपाट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पियानो बांधणाऱ्या हेन्री स्टडली (१८३८-१९२५) या कारागिराचे आहे. मिटल्यावर ते सुमारे ३९ इंच उंच, १९ इंच रुंद आणि साडेनऊ इंच खोल. त्यात अडीचशेहून अधिक हत्यारे बसतात. एक पाळे उघडले की मागे दुसरा थर, त्यामागे आणखी थर. छायाचित्र पाहून मी थक्क झालो. पण त्याची सजावट हस्तिदंत आणि शिंपल्यांची आहे. दंतवाणिज्य पंधरा कर्मादानांत मोडते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शिवाय इतके दाटीवाटीचे कपाट रोज वापरायला अडचणीचेच वाटते. मी त्याच्यातली एकच युक्ती घेतली. दाराची आतली बाजू रिकामी ठेवायची नाही.

आता मापे. कपाटाचे दोन भाग केले. खालचा भाग ९०० मिमी रुंद, ७२० उंच, ४०० खोल. त्यावर ठेवायचा वरचा भाग तितकाच रुंद, ९०० उंच आणि २५० खोल. वरच्या भागातल्या फळ्या १७० मिमीच्याच ठेवल्या, म्हणजे पुढे सुमारे ७० मिमी जागा उरते आणि दारांच्या आतल्या बाजूस करवती व पटाश्या टांगता येतात. करवत साधारण दोन फुटांची असते, ती ९०० मिमीच्या दारावर उभी सहज बसते. फळीची लांबी ८६४ मिमी होत होती. तेवढ्या लांब फळीवर लोखंडी रंधे ठेवले तर ती वर्षभरात मध्ये झोळ खाते, म्हणून मधे एक उभी फळी दिली.

दोन भाग करण्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण भिंत. वरचा भाग भिंतीला टांगावा असे मला वाटत होते. आमच्या इमारतीची पूर्वी दुरुस्ती केलेले वृद्ध मिस्त्री आले, त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, चुन्यातली जुनी वीट आहे. बोल्ट आज धरील, चार पावसाळ्यांनी सोडील. कपाट जमिनीवर उभं करा, भिंतीला नुसता हात लावून ठेवा." म्हणून वरचा भाग खालच्यावर उभा आहे आणि पुढे कलू नये एवढ्यासाठीच भिंतीला दोन लहान लोखंडी पट्ट्या आहेत. दुसरे कारण जिना. गिरगावातल्या जुन्या इमारतींचे लाकडी जिने आणि त्यांचे वळण वाचकांना परिचित आहे. आज ना उद्या आमचीही इमारत पुनर्विकासाला जाईल. त्या दिवशी हे कपाट वळणावर अडकून फोडावे लागू नये. दोन्ही भाग चार बोल्टांनी जोडले आहेत. पाना फिरवला की सुटतात.

त्याच जिन्यामुळे प्लायवूडची अख्खी शीटही वर येऊ शकत नव्हती. आठ बाय चार फुटांची १८ मिमीची शीट सुमारे पस्तीस किलोची असते. ती दुकानातच कापून घ्यावी लागते आणि म्हणून कापणीचा नकाशा आधी घरी पक्का करावा लागतो. १८ मिमीच्या दोन शीट, १२ मिमीची एक, ६ मिमीची एक, असा माझा हिशेब निघाला. नकाशात प्रत्येक कापाला करवतीच्या जाडीचे तीन मिमी धरावे लागतात, ते व्यापारी घट धरतो तसे. मिस्त्री लोकांचे गणित मात्र अजून सुतात चालते. आठ सुतांचा एक इंच. पाऊण इंची फळीला ते 'सहा सुती' म्हणतात. माझे मिलिमीटर पाहून आमचे मिस्त्री हसले. पण दोघांची मापे ताडून पाहिली तेव्हा दोन ठिकाणी माझीच चूक निघाली.

प्लायवूड निवडताना मुंबईच्या हवेचा विचार करावा. चौपाटी आमच्यापासून दूर नाही. पावसाळ्यात खारट दमट वारा घरात शिरतो, भिंतींना ओल येते. शीटवर भारतीय मानक ७१० असा छाप असेल तर ती मरीन जातीची, तिचे जोड ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागतात. भारतीय मानक ३०३ ची शीट स्वस्त पडते आणि कोरड्या खोलीत तिचे काही बिघडत नाही. माझ्या गॅलरीला पावसाची झड लागते, म्हणून मी ७१० घेतली. छाप शीटवर प्रत्यक्ष पाहून घ्यावा. बिलावर 'मरीन' लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानू नये. हे वाक्य मी बँकवाला म्हणून लिहितो आहे.

कडेच्या पट्ट्या, खणांचे दर्शनी भाग आणि पाय यांसाठी सागवान हवे होते. नवे लाकूड घेण्याची इच्छा नव्हती. वनकर्म हेही कर्मादानच, आणि गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नसली तरी कमी तर करता येते. शेजारच्या गल्लीत एक जुनी इमारत उतरवली जात होती. तेथून खिडक्यांच्या दोन चौकटी विकत घेतल्या. मुंबईच्या त्या काळच्या इमारतींत ब्रह्मदेशचा साग सर्रास वापरलेला असे. वरचा रंग आणि काजळी खरवडल्यावर आतून मधासारखे पिवळे, तेलकट, सरळ रेषांचे लाकूड निघाले. असे लाकूड आता पैसे देऊनही मिळत नाही. जुन्या लाकडात मोडलेले खिळे लपलेले असतात. त्यावरून आधी लोहचुंबक फिरवावा, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच समजा. एका तुकड्याला बारीक भोके होती आणि खाली ताजा भुसा पडत होता, म्हणजे आत जीव होता. तो तुकडा कापला नाही. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत आडोशाला ठेवून दिला. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत.

डिंकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो भाग आपल्या समाजाशी जोडलेला आहे. पूर्वी सुतार सरस वापरीत. जनावरांची कातडी-हाडे उकळून केलेला तो चिकट पदार्थ डब्यात घालून निखाऱ्यावर पातळ करावा लागे. माझ्या आजीला त्याचा वास आला की ती सुतारांना अंगणाबाहेर बसवीत असे आणि काम झाल्यावर सारी जागा धुऊन काढीत असे. त्या सरसाची जागा ज्या पांढऱ्या कृत्रिम डिंकाने घेतली, तो फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आणणारे बळवंतराय पारेख आपल्यातलेच. १९२५ साली सौराष्ट्रातल्या महुव्याला जन्म, मुंबईत कायद्याचे शिक्षण; पण वकिली न करता लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडे शिपायाचे काम केले. लाकडाच्या वखारीत वावरलेल्या माणसाला सुतारांची अडचण आतून कळली. त्यांनी धंदा केला तो नफ्यासाठी, यात शंका नाही. तरीही देशभरच्या सुतारांच्या डब्यातून सरस गेला, ही गोष्ट मला कुठल्याही जीवदयेच्या सभेपेक्षा लहान वाटत नाही.

सांधे साधेच ठेवले. उभ्या फळीत सहा मिमी खोल खाच, तीत आडवी फळी, डिंक आणि स्क्रू. आपल्या पूर्वजांचे लाकूडकाम डोळ्यांसमोर आणले तर हे फारच ओबडधोबड वाटते. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव सागवानी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १८८१ साली अहमदाबादला मगनभाई हठीसिंग यांनी लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थाबरोबर लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला आणि तेथला माल अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत जाऊन बसला. लाकडाची पारख आपल्या समाजाला नवी नाही. माझ्या हाताला ती कला नाही, एवढेच.

आता माझ्या फजितीची नोंद. खालच्या भागाच्या डाव्या अर्ध्यात चार खण होते. त्यांची मोकळी रुंदी ४२३ मिमी. खण सरकण्यासाठी जे लोखंडी चॅनेल लावतात, त्याची जाडी अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिमी असते. मी ४२३ मधून १३ वजा केले आणि ४१० मिमी रुंदीचे चार खण मोठ्या आनंदाने जोडून तयार केले. एकही आत जाईना. मिस्त्री आले, बसले, बिडी शिलगावण्याची सवय आमच्या घरात आवरून त्यांनी विचारले, "साहेब, चॅनेल एका बाजूला लावणार की दोन्ही?" बत्तीस वर्षे दुहेरी नोंद पद्धतीवर पोट भरलेल्या माणसाने एकच बाजू लिहिली होती! पाहिजे होते ३९७. सुदैवाने डिंक पूर्ण सुकला नव्हता. आठ आडव्या पट्ट्या सोडवून प्रत्येकी १३ मिमी छाटल्या आणि पुन्हा जोडल्या. त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी काम आटोपले नाही, म्हणून अर्धवट सोडले. दिवा लावून मी लाकूडकाम करीत नाही. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात आणि भुशात पडतात. शिवाय साठी उलटलेले डोळे दिव्यात मापे चुकतात.

रंगरोगणाला मिस्त्रींनी चपडा सुचवला. चमक सुंदर येते यात वाद नाही. पण चपडा म्हणजे लाख, आणि लाख म्हणजे त्या बारीक किड्यांचा संहार. लाक्षावाणिज्य शास्त्रकारांनी निराळे नाव घेऊन वर्ज्य सांगितले आहे. मी पाण्याच्या आधाराचे पीयू रोगण तीन हात दिले. हत्यारांच्या मुठींना जवसाचे तेल लावले. येथे एक सावधगिरीची सूचना आवर्जून देतो. जवसाचे तेल पुसलेली चिंधी बोळा करून टाकू नये. ते तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळ्याच्या आत ती साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी पाण्यात बुडवून मगच टाकावी, किंवा बाहेर पसरून वाळवावी. लाकडी जिन्यांच्या इमारतीत राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

वाळवीचा प्रश्न आपल्यासाठी अवघड असतो, कारण ती लागल्यावर विष घालणे मनाला पटत नाही आणि न घालावे तर घर जाते. बँकेच्या दफ्तरखान्यात वाळवीने खाल्लेली व्हाउचरे मी पाहिली आहेत. तेव्हा ती येणारच नाही अशी व्यवस्था करावी. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे आहे. पाय ६० मिमी उंच आणि प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा तुकडा, म्हणजे खाली केरसुणी फिरते आणि मातीची रेघ चढू लागली तर पहिल्याच दिवशी दिसते. दर पंधरा दिवसांनी चतुर्दशीला मी कपाट पूर्ण उघडून, मऊ झाडणीने झाडून, प्रत्येक खण पाहतो. जुने कारागीर गंजू नये म्हणून हत्यारांत कापराची वडी ठेवतात, तीही ठेवली आहे. या पावसाळ्यात एकही पाते गंजले नाही.

खर्च विचारला जाईलच. प्लायवूड १२,४८० रुपये, चॅनेल-बिजागऱ्या-कुलूप-स्क्रू २,८५०, डिंक-रोगण-पॉलिश पेपर १,९००, कापणी, टेम्पो आणि हमाली २,१००, जुने सागवान १,६००, मिस्त्रींची दोन दिवसांची मजुरी २,४००. एकूण २३,३३०. माझी दीड महिन्याची मजुरी शून्य धरली आहे, जे हिशेबाच्या दृष्टीने चूक आहे. तयार लोखंडी कपाट याच्या निम्म्यात आले असते आणि ज्याला लाकडाची आवड नाही त्याने खुशाल तेच घ्यावे. फक्त त्याच्या फळ्यांवर धारदार वस्तू सुट्या ठेवू नयेत.

धारदार वस्तूंचे काय केले, ते सांगतो. त्यासाठीच तर हा सारा खटाटोप. उंचीवर ठेवणे हा बंदोबस्त नव्हे, मूल स्टूल आणते. पटाश्यांसाठी सागवानाच्या ठोकळ्यात खाचा केल्या. पाते आत पूर्ण झाकले जाते, बाहेर फक्त मूठ दिसते. करवतींच्या दातांना चिरलेल्या लाकडी पट्ट्यांची म्यान आहे. प्रत्येक जागेमागे हत्याराची काळी आकृती रंगवली आहे. हत्यार जागेवर नसेल तर ती आकृती उघडी दिसते आणि ते सापडेपर्यंत दार लावायचे नाही, असा नियम आहे. दाराला कुलूप आहे. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे हजर असल्याखेरीज ती उघडत नाही. मी गमतीने पत्नीला तीच योजना सुचवली. ती म्हणाली, "अहो, गंमत कसली? मी घेतेच किल्ली." तेव्हापासून मला दुसरे कुलूप बसवावे लागले आहे. रोज सकाळी दहा वाजता मी किल्ली मागतो, जेवणापूर्वी सर्व आकृत्या झाकल्या गेल्याचे ती पाहते आणि मग कुलूप लागते. तीन महिन्यांत ती दोनदा मला परत पाठवून चुकली आहे, एकदा कानशीसाठी आणि एकदा पेन्सिलीसाठी.

खालचा सर्वांत लहान खण नातीचा आहे. त्यात पॉलिश पेपरचे तुकडे, लाकडाचे ठोकळे, एक लहान गुण्या आणि तिने स्वतः घासून गुळगुळीत केलेली एक पट्टी असते. त्या खणाच्या तळावरही तिने आकृत्या काढून घेतल्या आहेत. त्यांतली एक चेंडूची आहे, म्हणून खण नीट बंद होत नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघे बसून तो चार बोटे उंच करणार आहोत.